अंदाज बरोबर आला, म्हणून शोध संपला?

पशुपैदाशीच्या शास्त्रात गेली काही वर्षं एक वाद चालू आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी वाईट लढवला जातो आहे. एक पक्ष म्हणतो: दुधाचं, वाढीचं, चरबीचं जनुक नेमकं कुठे बसलंय हे शोधण्यात तीस वर्षं आणि अमाप पैसा गेला, हाती मूठभर जनुकं लागली. दरम्यान जीनोमिक निवडीने, म्हणजे डीएनएवरच्या हजारो खुणांवरून जनावर निवडण्याच्या रीतीने, एकाही जनुकाचं नाव न घेता उत्तम वळू निवडून दाखवले, तेव्हा ही शोधाशोध आता आवरा. दुसरा पक्ष म्हणतो: कारण कळल्याशिवाय शास्त्र कसलं? जनुकं सापडताहेत, जनुकसंपादनाची कात्री हातात आली आहे, आता हवा तसा कळप घडवू. पहिल्याकडे आकडे आहेत, दुसऱ्याकडे स्वप्न आहे, आणि दोघेही एकाच प्रश्नाचं उत्तर देत असल्यासारखे भांडतात. प्रश्न मुळात दोन आहेत. आज जन्मलेल्या वासरांपैकी कोणतं चांगलं निघेल, हा एक. ते चांगलं का निघेल, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला हात न लावता मिळतं, हे आता सिद्ध झालं आहे आणि ते मान्य न करणं हा निव्वळ हट्ट आहे. पण त्यावरून दुसरा प्रश्न निकालात निघाला असं म्हणणं हाही तेवढाच हट्ट. माझं तर म्हणणं आहे की अंदाजाचं यंत्र जितक्या वेगाने पळू लागेल, तितकी त्याच्या आत काय चाललंय हे पाहण्याची निकड वाढते.

हे भांडण नवं नाही. १९०० साली मेंडेलचे प्रयोग पुन्हा उजेडात आले आणि इंग्लंडात लगेच दोन तट पडले. कार्ल पिअर्सन आणि वेल्डन यांचा गट मोजमापवाल्यांचा. उंची मोजा, वजन मोजा, आईबाप आणि मुलं यांच्यातला सहसंबंध काढा. आतलं यंत्र कसं चालतं याची उठाठेव नको. विल्यम बेटसनचा गट मेंडेलवाल्यांचा. वाटाणा गोल असतो नाहीतर सुरकुतलेला, वंशकण सुटे असतात. सलग चढउतारांची आकडेमोड म्हणजे वरवरचा खेळ. दोन्ही गटांनी एकमेकांची यथेच्छ उणीदुणी काढली. १९१८ साली रोनाल्ड फिशर यांनी दाखवून दिलं की पुष्कळ सुट्या वंशकणांचे लहानलहान परिणाम एकत्र आले की सलग चढउतारच दिसतात, आणि नातेवाइकांमधला सहसंबंधही त्यातूनच निघतो. म्हणजे दोघंही बरोबर होते, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांना उत्तरं देत होते. हा निबंध आधी लंडनच्या रॉयल सोसायटीकडे गेला होता. परीक्षक दोन: एक स्वतः पिअर्सन, दुसरे बेटसनच्या गोटातले पनेट. दोघांनाही तो फारसा रुचला नाही, आणि शेवटी तो एडिनबराच्या रॉयल सोसायटीने छापला. हाडवैरी असलेले दोन पक्ष एकाच निबंधावर नाखूश असतील, तर तो निबंध आधी वाचावा असं मी धरून चालतो.

फिशरनंतर पैदासशास्त्राने त्यातला हिशेबाचा अर्धा भाग उचलला आणि त्याचं सोनं केलं. आयोवात पैदासशास्त्रज्ञ जे. एल. लश यांनी तो गोठ्यापर्यंत नेला. चार्ल्स हेंडरसन यांनी ‘ब्लप’ची समीकरणं मांडली, ज्यांत वंशावळ आणि नोंदी घातल्या की प्रत्येक जनावराचं पैदासमूल्य, म्हणजे त्याची संतती किती चांगली निघेल याचा आकडा, बाहेर पडतं. कोणतं जनुक, किती जनुकं, याची त्या समीकरणांना फिकीर नाही. अमेरिकेत १९५० ते २००० या काळात एका गाईचं वर्षाचं सरासरी दूध तिपटीच्या पुढे गेलं. त्यात चारा आणि निगा होतीच, पण मोठा वाटा निवडीचा होता. या सगळ्या काळात दुधाचं एकही जनुक कोणाला ठाऊक नव्हतं. आजचा पहिला पक्ष म्हणतो त्याचा हा सर्वांत जुना आणि सर्वांत भक्कम पुरावा.

दुसरा अर्धा भाग, म्हणजे जनुकाची जागा शोधणं, सुरुवातीपासून रखडत चालला. १९२३ साली कार्ल सॅक्स यांनी घेवड्याच्या बियांवर दाखवलं की सालीच्या रंगाचा वंशकण आणि बीचं वजन एकत्र वारशाने येतात. म्हणजे रंगाच्या वंशकणाशेजारी वजनाचं काहीतरी बसलं आहे. कल्पना इतकी साधी, पण जनावरांत अशा खुणाच पुरेशा नव्हत्या. रक्तगट वापरून पाहिले गेले, त्यातून फारसं काही निघालं नाही. १९८० नंतर डीएनएच्या खुणा, म्हणजे मार्कर, हाती आले आणि मग संख्याशास्त्राला काम मिळालं. ते काम किती चातुर्याचं होतं हे न सांगता ‘पैसा वाया गेला’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

एक वळू घ्या. गुणसूत्राच्या एका जागी त्याच्याकडे मार्करचे दोन प्रकार आहेत, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. त्याच्या प्रत्येक मुलीला त्यातला एकच मिळतो. मुलींचे दोन गट पाडा आणि दोन्ही गटांच्या दुधाची सरासरी काढा. फरक पडला तर मार्करच्या आसपास काहीतरी आहे. पण किती जवळ? समजा जनुकामुळे पडणारा खरा फरक १०० लिटरचा आहे आणि मार्कर व जनुक यांची ताटातूट २० टक्के वेळा होते. प्रत्येक गटात २० टक्के मुली उलट्या प्रकारच्या येतात, तर मार्करच्या गटांत फरक दिसेल ६० लिटर. आता समजा जनुकाचा फरक १२० लिटरचा आहे आणि ताटातूट २५ टक्के वेळा होते. तरी दिसणारा फरक ६० लिटरच. जवळचं लहान जनुक आणि लांबचं मोठं जनुक एका मार्करला सारखंच दिसतं. १९८९ साली लँडर आणि बॉटस्टीन यांनी शेजारशेजारच्या दोन मार्करांच्या मधली प्रत्येक जागा तपासत जाण्याची रीत दिली आणि ही गाठ सोडवली. १९९२ साली हेली आणि नॉट यांनी तेच काम साध्या रिग्रेशनने, म्हणजे आकड्यांवर रेषा बसवण्याच्या नेहमीच्या रीतीने, करून दाखवलं, म्हणजे संगणकाचा दिवसांचा वेळ मिनिटांवर आला. गाईंत तर आणखी एक अडचण होती: हजारो मुलींचा डीएनए तपासायचा खर्च. १९९० मध्ये वेलर, काशी आणि सोलर यांनी सुचवलं की मुलींना सोडा, वळूच्या मुलग्यांचा डीएनए तपासा. त्या मुलग्यांच्या मुलींच्या दुधाच्या नोंदी कृत्रिम रेतनाच्या दप्तरात आधीच पडून आहेत. तपासणी थोड्या नमुन्यांची, माहिती लाखो वेतांची.

आणि या सगळ्यात मला सर्वांत आवडते ती चर्चिल आणि डर्ज यांची १९९४ची युक्ती. शेकडो जागा तपासल्या की योगायोगाने कुठेतरी मार्कर आणि दूध यांचा संबंध दाखवणारं उंच शिखर दिसणारच. मग खरं शिखर कोणतं? त्यांनी सांगितलं: जनावरांचे मार्कर तसेच ठेवा, दुधाचे आकडे मात्र पत्ते पिसावेत तसे पिसून वाटेल त्या जनावराला वाटा. आता मार्कर आणि दूध यांचा काही संबंध उरला नाही. पुन्हा सगळा जीनोम तपासा आणि सर्वांत उंच शिखर टिपून ठेवा. असं हजार वेळा करा. हजारांतल्या किमान साडेनऊशे शिखरांच्या वर तुमचं खरं शिखर डोकावत असेल, तरच तोंड उघडा. कोणतंही वितरण गृहीत धरलेलं नाही, कोणाचा शब्द प्रमाण मानलेला नाही. तुमचीच माहिती तुमच्याविरुद्ध साक्षीला उभी केली आहे.

आता कबुलीकडे येऊ, कारण पहिल्या पक्षाचे मुद्दे कच्चे नाहीत. हाच उंबरठा, म्हणजे शिखर खरं मानण्याची ही अट, पुढे फसवणुकीचं कारण झाला. लहान प्रयोगात लहान परिणामाचं जनुक उंबरठा ओलांडतं ते फक्त नशिबाने त्याचा परिणाम फुगून दिसला तरच. म्हणजे जे जाहीर होतं ते निवडून फुगलेलंच असतं. विल्यम बीव्हिस यांनी १९९०च्या दशकात संगणकावर हे दाखवलं: शंभर संततींच्या प्रयोगात सापडलेल्या जनुकांचे परिणाम प्रचंड फुगलेले असतात, पाचशेला थोडे, हजाराच्या घरात गेलं की मग ते खऱ्याच्या जवळ येतात. आणि त्या काळातल्या किती प्रयोगांत हजार जनावरं होती? फुगलेल्या आकड्यांवर विसंबून मार्करच्या साह्याने निवड केली, की पुढच्या पिढीत ते जनुक निम्मंही काम करत नसे. शोध लागले, निबंध छापले गेले, पुढच्या कळपात ते शोध विरघळून गेले. याला अपयश न म्हणता काय म्हणायचं?

दुसरी कबुली आणखी जड आहे. जनावरं वाढवून पाहिली तरी चित्र फार बदललं नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या गाईंच्या उंचीच्या अभ्यासात १७ गटांतली ५८,२६५ जनावरं होती. जीनोममधल्या १६३ जागा निःसंशय सापडल्या. त्या सगळ्या मिळून उंचीतल्या एकूण फरकाचा जास्तीत जास्त १३.८ टक्के भाग समजावतात. माणसांत तर याहून लाजिरवाणी तुलना झाली होती. २००९ साली उंचीशी निगडित ५४ जागा एकत्र करून अंदाज बांधला गेला. त्याने उंचीतल्या फरकाचा ४ ते ६ टक्के भाग पकडला. फ्रान्सिस गॉल्टनची व्हिक्टोरियन काळातली रीत, आईबापांच्या उंचीची सरासरी काढायची, तिने ४० टक्के पकडला. जनुकशास्त्राचं एक शतक एका मोजपट्टीपुढे हरलं.

आणि मग २००१चा निबंध. मोविसन, हेज आणि गॉडर्ड यांनी प्रश्नच उलटा केला. उंबरठा हवाच कशाला? सगळे मार्कर एकदम समीकरणात घाला, प्रत्येकाला थोडाथोडा परिणाम द्या, बेरीज करा. कोणता खरा, कोणता खोटा, हा निवाडा करायचाच नाही. त्या वेळी इतके मार्कर स्वस्तात वाचण्याची सोय नव्हती. पन्नास हजारांवर मार्कर वाचणारी गाईंची चिप आली आणि २००९च्या जानेवारीत अमेरिकेने होल्स्टीन व जर्सी यांच्या अधिकृत मूल्यमापनात ही रीत आणली. वळूच्या मुली व्यायची, त्यांच्या दुधाच्या नोंदी यायची वाट पाहण्यात वळू पाच-सहा वर्षांचा होत असे. आता वासरू जन्मताच त्याचं मूल्य कळतं. अमेरिकी होल्स्टीनमध्ये वळूंच्या बापांचं पिढीचं अंतर, म्हणजे संतती जन्मते तेव्हाचं बापाचं वय, सुमारे सात वर्षांवरून अडीच वर्षांच्या खाली आलं. दुधासारख्या गुणांतली वार्षिक सुधारणा दीडपट ते दुप्पट झाली; प्रजननक्षमतेसारख्या कमी आनुवंशिकतेच्या गुणांत तिपटी-चौपटीपर्यंत गेली. हे यश कोणत्याही मोजपट्टीने मोजा, मोठंच आहे. जनावरांची क्रमवारी लावायची असेल तर एकेक जनुक हुडकण्याची रीत हरली. पूर्ण हरली. यावर वाद घालणाऱ्या दुसऱ्या पक्षाच्या मंडळींनी वेळ वाया घालवू नये.

मग माझं भांडण कशाशी आहे? ‘चालतं आहे ना, मग का चालतं हे कशाला विचारता’ या वाक्याशी. ते वाक्य इतिहासात पुष्कळदा उच्चारलं गेलं आहे. ब्रिटिश आरमाराला लिंबाचा रस स्कर्व्हीवर चालतो हे माहीत होतं. जेम्स लिंड यांनी १७४७ साली जहाजावर तुलना करून पाहिली होती आणि १७९५ पासून आरमारात रस वाटला जाऊ लागला. स्कर्व्ही जवळजवळ नाहीशी झाली. रसातलं काय चालतं हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि गरजही वाटत नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर भूमध्य प्रदेशातल्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजचं आंबट छोटं लिंबू आलं. आंबट तेही, हेही. फरक कोणाला पडतो? फरक होता: त्यात क जीवनसत्त्व बरंच कमी होतं. पण वाफेच्या जहाजांमुळे प्रवास इतके आखूड झाले होते की उणीव उघडी पडली नाही. १८७५च्या नेर्झ यांच्या ध्रुवीय मोहिमेत मुक्काम लांबचा होता आणि रस पिणाऱ्या माणसांना स्कर्व्हीने गाठलं. त्यानंतर तर काही जाणत्या लोकांनी लिंबाचा उपायच खोटा ठरवला. कारण माहीत नसलेला उपाय परिस्थिती बदलली की असाच निकामी होतो, आणि तो निकामी झाल्याचं कळतही नाही.

जीनोमिक अंदाजाची परिस्थिती कधी बदलते? जात बदलली की. चिपवरचे मार्कर बहुतांशी स्वतः काही करत नाहीत. ते खऱ्या जनुकाच्या शेजारी राहतात आणि त्याच्याबरोबर वारशाने जातात, एवढंच. होल्स्टीनमध्ये ज्या मार्करबरोबर जनुकाची दूध वाढवणारी प्रत जाते, त्याच मार्करबरोबर दुसऱ्या जातीत दूध घटवणारी प्रत जात असू शकते. म्हणून एका जातीवर बसवलेलं समीकरण दुसऱ्या जातीला लावलं की अचूकता कोसळते, पुष्कळदा शून्याच्या आसपास येते. त्याच जातीतही, ज्या कळपावर समीकरण बसवलं त्यापासून पिढ्या दूर गेल्या की ती झिजत जाते आणि सतत नव्या नोंदी ओताव्या लागतात. मोठ्या जातींना हे परवडतं. ज्या जातीची एकूण जनावरंच काही हजार आहेत तिने काय करायचं? जनुकाची खरी जागा, खरा बदल सापडला असेल, तर तो सगळ्या जातींत तोच असतो. त्याची माहिती उसनी घेता येते. म्हणजे नकाशाची गरज सर्वांत जास्त कोणाला आहे, तर ज्यांच्याकडे अंदाज बांधायला पुरेशा नोंदी नाहीत त्यांना. आणि ‘शोध बंद करा’ म्हणणारे बहुधा लाखोंनी नोंदी असलेल्या जातींचे लोक असतात, हा योगायोग नव्हे.

दुसरा मुद्दा यापेक्षा गंभीर आहे. बेरजेच्या समीकरणाला बेरीजच दिसते. काही गोष्टी बेरजेत दिसतच नाहीत. पॉनी फार्म आर्लिंडा चीफ या १९६२ साली जन्मलेल्या होल्स्टीन वळूची कथा पैदास क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. त्याला १६,००० मुली, पाच लाख नाती आणि वीस लाखांवर पणती; होल्स्टीन जातीच्या जीनोमचा सुमारे १४ टक्के भाग त्याच्याकडून आला असं मानतात. निवड योग्यच होती. पण त्याच्यात ‘अपाफ १’ या जनुकाची एक मोडकी प्रत होती. एक मोडकी प्रत असलेलं जनावर, म्हणजे वाहक, धडधाकट असतं; दोन्ही मोडक्या मिळाल्या की गर्भ पोटातच मरतो. आता हिशेब करा. वाहक वळू, आणि वीस गाईंमागे एक गाय वाहक. त्याच्यापासून राहिलेल्या १०० गर्भांपैकी ५ वाहक गाईंच्या पोटात असतील, त्यांतला चौथा भाग मरेल. म्हणजे शंभरात सव्वा गर्भ. गाय उलटली की गोठ्यात कोण चौकशी करतं? पुन्हा भरवली जाते. शंभरात सव्वाचा फरक कोणत्याही वळूच्या गर्भधारणेच्या आकड्यात विरघळून जातो.

तो सापडला कसा? २०११ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातले व्हॅनरेडन आणि त्यांचे सहकारी यांनी जे दिसतं ते सोडून जे दिसत नाही ते मोजलं. माझाच वीसमागे एक हा आकडा धरला आणि ४०,००० जनावरांचे नमुने हाती असतील, तर सरमिसळ पैदाशीत साधारण २५ जनावरांकडे गुणसूत्राच्या त्या तुकड्याच्या दोन्ही प्रती असायला हव्यात. प्रत्यक्षात एकही नसेल तर? तेवढी पंचवीस जनावरं जन्मलीच नाहीत. अशा पद्धतीने होल्स्टीनमध्ये आणि जर्सीतही असे तुकडे सापडले. पुढे त्यातल्या एकाचा माग ‘अपाफ १’पर्यंत आणि चीफपर्यंत लागला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार त्या एका बदलाने पस्तीस वर्षांत जगभर ५,२५,००० गर्भ गेले आणि सुमारे ४२ कोटी डॉलरचं नुकसान झालं.

पहिला पक्ष यावर म्हणेल, आणि म्हणालाही आहे, की चीफने वाढवलेल्या दुधाची किंमत त्याच काळात ३० अब्ज डॉलरच्या घरात आहे. मग वळू वापरला यात चूक काय? चूक काहीच नाही. पण हा युक्तिवाद अर्धा आहे. बदल सापडल्यावर चीफचं दूधही ठेवता येतं आणि वाहक-वाहक जोडी टाळून गर्भही वाचवता येतात. कारण माहीत नसताना फायदा आणि तोटा एकाच गाठोड्यात घ्यावे लागतात. माहीत झाल्यावर गाठोडं सोडता येतं. आणि हे सगळं निघालं कुठून? जीनोमिक अंदाजासाठी जमवलेल्या त्याच चिपच्या माहितीतून. वेगळा पैसा फार लागलाच नाही.

नॉर्डिक लाल गाईंचं प्रकरण तर यंत्राच्या वेगावरच बोट ठेवतं. २०१४ साली त्यांच्या १२व्या गुणसूत्रावर सुमारे साडेसहा लाख अक्षरांचा तुकडा गळालेला सापडला. दोन्ही प्रतींत तो गळाला असेल तर गर्भ मरतो. एकाच प्रतीत गळाला असेल तर गाय जास्त दूध देते. फिनलंडच्या लाल गाईंत तीनातली जवळजवळ एक गाय वाहक निघाली. इतका घातक तुकडा इतका कसा पसरला? आपणच पसरवला. दुधाचं मूल्य वर दिसत होतं, वाहक निवडले जात होते, आणि प्रजनन का घसरतंय याचा शोध चाऱ्यात, हवामानात, व्यवस्थापनात चालू होता. पिढीचं अंतर सात वर्षांचं असताना अशी चूक हळूहळू पसरते. अडीच वर्षांवर आणल्यावर?

बेरजेत न मावणाऱ्या गोष्टी आणखीही आहेत. रानडुक्कर आणि लार्ज व्हाइट जातीचं पाळीव डुक्कर यांच्या संकरातून सुरू झालेल्या शोधाच्या ओघात, २००३ साली डुकरांतल्या ‘आयजीएफ २’ जनुकात एकाच अक्षराचा बदल सापडला, तोही प्रथिन न घडवणाऱ्या भागात. त्याने मांस वाढतं, पण फक्त बापाकडून आलेली प्रत काम करते. आईकडून आलेली गप्प असते. दोन्ही प्रती सारख्या मोजणाऱ्या समीकरणाला हे कसं कळावं? गाईंच्या १४व्या गुणसूत्रावरचं ‘डीगॅट १’ २००२ साली हाती लागलं, तेव्हा कळलं की त्याची एक प्रत दुधातलं फॅट वाढवते आणि त्याच वेळी दुधाचं आकारमान व एकूण प्रथिन घटवते. त्यामुळे चांगली प्रत कोणती, हे दूध कशाच्या भावाने विकलं जातं यावर ठरतं. निवडीच्या निर्देशांकात, म्हणजे सगळ्या गुणांना वजन देऊन केलेल्या बेरजेत, वजनं बदलली की हे जनुक दिशा बदलतं. काय ढकलतोय हे माहीत असलेलं बरं, नाही का?

एवढं लिहून झाल्यावर दुसऱ्या पक्षाला वाटेल की आपल्या बाजूने कौल लागला. तसं नाही. जनुकसंपादनाने दूध, वाढ, प्रजनन घडवू म्हणणाऱ्यांनी बीव्हिसचा धडा विसरून चालणार नाही. अंदाजाला मार्कर पुरतो. कात्रीला नेमकं अक्षर लागतं. आणि नेमकं अक्षर शोधणं होल्स्टीनसारख्या जातीत विलक्षण कठीण आहे. जगभर लाखो जनावरं असली तरी ती मूठभर वळूंची लेकरं आहेत, त्यामुळे गुणसूत्रांचे लांबलांब तुकडे अखंड वारशाने जातात. त्या तुकड्यातले शंभर बदल नेहमी एकत्रच दिसतात. त्यातला कर्ता कोणता हे त्याच जातीची आणखी दहा लाख जनावरं तपासूनही संख्याशास्त्र सांगू शकत नाही. गंमत अशी की हीच अखंडता अंदाजाला सोपी करते. ज्यामुळे एक प्रश्न सुटतो त्यामुळेच दुसरा अडतो, आणि म्हणूनच एकाच्या यशावरून दुसऱ्याचा निवाडा करणं चुकीचं आहे. तुकडे मोडायचे तर वेगवेगळ्या जातींची माहिती एकत्र आणावी लागते, कारण प्रत्येक जातीत ते वेगळ्या जागी तुटलेले असतात. उंचीच्या अभ्यासात १७ गट जमवले गेले त्याचा खरा फायदा हा होता, १३.८ टक्क्यांवर हसणारे तो सोडून देतात.

तेव्हा पैसा कुठे घालायचा हे ठरवताना प्रश्न असा विचारायला हवा की कोणता नकाशा कोणत्या कामासाठी. वळूंच्या क्रमवारीसाठी जनुकं शोधण्याचे प्रस्ताव खुशाल परत पाठवा. लहान जातींना उसनी घेता येईल अशी, अनेक जाती एकत्र घेऊन केलेली कामं मंजूर करा. ज्या कळपात जनुक सापडलं त्याच कळपातला परिणामाचा आकडा पुढे कुठेही ग्राह्य धरू नका. दुसऱ्या, असंबंधित कळपात तो पुन्हा मोजल्याशिवाय कात्रीला परवानगी नको. आणि सर्वांत आधी नोंदी. प्रत्येक दूधनोंद दप्तरात लिटरपर्यंत असते, पण गाय गाभण राहून कितव्या आठवड्यात उलटली, वासरू मेलेलं जन्मलं की पहिल्या आठवड्यात गेलं, हे बहुतेक ठिकाणी लिहिलंच जात नाही. चिप वाचून झालेली आहे, तिचा खर्च झालेला आहे. व्हॅनरेडन यांना गैरहजर जनावरांवरून मृत्यू ओळखावे लागले, कारण मृत्यूंची वही नव्हती. जे गर्भ दोन्ही मोडक्या प्रती घेऊनही क्वचित जन्मतात आणि अशक्त राहून मरतात, ते या गैरहजेरीच्या गणितातही सापडत नाहीत. ती वही कोणी ठेवायची आणि तिचा खर्च पैदास कंपनीने उचलायचा की गोठेवाल्याने, हा वाद खरा तर रंगायला हवा, आणि त्यात दोन्ही पक्षांना एकाच बाजूला बसावं लागेल.